जुन्या ट्रकचा डायग्नोस्टिक पोर्ट : कोणता, कुठे आणि त्याला काय जोडायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हातात गाडीतले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर आहे, तो जोडायचं सॉकेट म्हणजेच डायग्नोस्टिक पोर्ट; पण डॅशखाली दोन-तीन सॉकेटं लोंबतायत आणि त्यातलं नेमकं कोणतं हे कळत नाही. जुन्या ट्रकवर हे नेहमीचंच. सॉकेटचा आकार निम्मीच गोष्ट सांगतो. उरलेली निम्मी त्यातल्या कोणत्या घरांत धातू आहे आणि त्या धातूवर किती व्होल्ट आहेत, त्यावरून कळते. पुढची सगळी उत्तरं याच क्रमाने जातात.

ट्रक जुना आहे. पोर्ट असेलच का?

असेलच असं नाही. डिझेल पंप पूर्ण मेकॅनिकल असेल, पेडलची केबल किंवा लिंकेज थेट पंपाच्या लिव्हरला जात असेल आणि पंपावर इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडपलीकडे वायरच नसेल, तर इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) नाही. मग स्कॅनरने विचारायचं कोणाला? अशा गाडीवर पोर्ट शोधण्यात दिवस घालवू नका, प्रेशर गेज घ्या.

तरीही अशा ट्रकवर एबीएस किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा स्वतंत्र कंट्रोलर असू शकतो आणि त्याचं स्वतःचं छोटं सॉकेट किंवा ब्लिंक कोडचं (दिव्याच्या लुकलुकण्यातून कोड दाखवणारं) बटण असू शकतं. ते सापडलं तरी त्यातून इंजिनाबद्दल काही कळणार नाही.

गाडी नेमकी कोणत्या काळातली, हे कशावरून ठरवायचं?

कागदावरच्या नोंदणीच्या वर्षावरून नको. ट्रक तयार होऊन वर्षभर उभा राहून मग नोंदला गेला असेल, किंवा नुसती चासी विकली जाऊन बॉडी नंतर चढली असेल. आधी बॉनेटखालचं किंवा इंजिनावरचं एमिशनचं लेबल वाचा. अमेरिकी हलक्या ट्रकांवर त्यात ‘ओबीडी-२’ (गाडीने स्वतःचे दोष ओळखून सांगण्याचं सामायिक मानक) असं स्पष्ट छापलेलं असतं. तसं असेल तर पुढचे निम्मे प्रश्न सोडून दिलेत तरी चालेल.

लेबल फाटलं असेल तर चासी नंबर घ्या. उत्तर अमेरिकेच्या पद्धतीच्या १७ अक्षरी नंबरात दहावं अक्षर मॉडेल वर्षाचं असतं : आर म्हणजे १९९४, एस १९९५, टी १९९६, व्ही १९९७, डब्ल्यू १९९८, एक्स १९९९, वाय २०००, आणि २००१ पासून आकडा १. इतर देशांतले सगळे उत्पादक दहाव्या जागी वर्ष घालतातच असं नाही, त्यामुळे तिथे हा नियम डोळे झाकून लावू नये.

लक्षात ठेवायची वर्षं मोजकीच आहेत. अमेरिकेत मोटारी आणि हलक्या ट्रकांना ओबीडी-२ मॉडेल वर्ष १९९६ पासून सक्तीचं झालं, पण सुरुवातीला एकूण वजनाची मर्यादा ८,५०० पौंड (सुमारे ३,८५० किलो) होती. म्हणजे एकाच कंपनीचा, एकाच वर्षाचा हलका पिकअप नियमात आणि त्याचा जड भाऊ नियमाबाहेर, असं होऊ शकतं. युरोपात अवजड गाड्यांसाठी ओबीडी युरो-४ बरोबर म्हणजे २००५-०६ मध्ये आलं. अमेरिकेत अवजड ट्रकांसाठी ते २०१० पासून टप्प्याटप्प्याने येऊन २०१३ ला पूर्ण झालं. त्याआधीच्या अवजड गाडीत पोर्ट असतो, पण तो उत्पादकाच्या किंवा उद्योगाच्या मानकाचा असतो. मोटारीच्या स्कॅनरसाठी तो बनलेलाच नाही.

सॉकेट कुठे कुठे शोधायचं?

टॉर्च घेऊन ड्रायव्हरच्या पायांशी उलटं झोपावं लागतं, त्याला पर्याय नाही. या क्रमाने बघा :

स्टिअरिंग कॉलमच्या खाली आणि दोन्ही बाजूंना. ओबीडी-२ चं १६ पिनांचं सॉकेट बहुतेक इथेच असतं, कारण ते ड्रायव्हरच्या सीटवरून हात पोहोचेल अशा जागी असावं असं मानकच सांगतं. मग क्लचच्या बाजूचं किक पॅनल आणि दरवाजाच्या चौकटीचा खालचा कोपरा. गोल सहा आणि नऊ पिनांची सॉकेटं इथे जास्त भेटतात, आणि त्यांच्यावर बहुधा साखळीला अडकवलेलं रबरी किंवा प्लास्टिकचं टोपण असतं. त्यानंतर फ्यूजबॉक्सचं झाकण. कॅब-ओव्हर (इंजिनाच्या वरच केबिन असलेल्या) ट्रकांत फ्यूजबॉक्स बहुतेकदा क्लीनरच्या बाजूला असतो आणि पोर्ट त्याच झाकणाखाली असतो. शेवटी अॅशट्रेमागे, मधल्या कन्सोलच्या खणात आणि सीटच्या पायथ्याशी.

केबिनमध्ये काहीच नाही आणि गाडी १९९६ च्या आधीची हलकी ट्रक किंवा पिकअप आहे, तर बॉनेट उघडा. फोर्ड, क्रायस्लर (डॉज) आणि टोयोटा यांची जुनी सॉकेटं फेंडरच्या आतल्या बाजूला किंवा कंट्रोलरजवळ असतात. काळ्या टोपणाखाली ती इतकी मळलेली असतात की हार्नेसचाच (वायरींच्या जुडग्याचाच) भाग वाटतात.

मळलेलं टोपण ओढून काढू नका. आधी फडक्याने पुसा आणि कुलुपाची खाच दिसली की मगच उघडा. तीस वर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं.

सापडलं. आता ओळखायचं कसं?

आकार पाहा, घरं मोजा आणि मग किती घरांत खरोखर धातू आहे ते पाहा. तिसरी पायरी लोक गाळतात आणि फसतात तेही तिथेच.

चपटं, समलंब चौकोनी, १६ घरांचं : ओबीडी-२ चा आकार. पण आत ओबीडी-२ च असेल याची खात्री नाही. खाली वेगळा प्रश्न आहे.

चपटं, १२ घरांचं, दोन ओळींत, अक्षरं ए ते एम : जनरल मोटर्सचं निदानाचं जुनं सॉकेट, एएलडीएल. सुमारे १९८२ ते १९९५. डेट्रॉइट डिझेलच्या सुरुवातीच्या डीडेक इंजिनांवरही १२ पिनांचं तसंच सॉकेट आहे, आणि दोन्हींत गल्लत करणं महागात पडतं.

गोल, सहा पिना : अवजड अमेरिकी ट्रक, जे१७०८ ही तारजोडी आणि तिच्यावर जे१५८७ ही भाषा. मुख्यतः नव्वदचं दशक.

गोल, नऊ पिना : त्यानंतरचा अवजड ट्रक, कॅन ही तारजोडी आणि तिच्यावर जे१९३९ ही भाषा. सुरुवातीच्या गाड्यांत जे१७०८ सुद्धा याच सॉकेटात.

सहा घरांचं सॉकेट आणि शेजारी एकटी लोंबणारी एक पिन, दोन्ही बॉनेटखाली : फोर्डचं ईईसी-४ (त्यांची जुनी इंजिन नियंत्रण यंत्रणा). ती एकटी वायर तुटलेली नाही, ती सेल्फ-टेस्ट इनपुट आहे. इन्सुलेशन टेप लावून ‘दुरुस्त’ केलेली ती बऱ्याच गाड्यांत सापडते.

करडं, १४ घरांचं, फ्यूजबॉक्सजवळ : निसान.

छोटी चौकोनी डबी, झाकणाच्या आत टीई१, ई१ अशी अक्षरं : टोयोटा. बॉनेटखाली.

युरोपीय गोल सॉकेटं : १४ पिना असतील तर मर्सिडीजचे ट्रक आणि जुनी स्प्रिंटर, १२ किंवा ३७ असतील तर मॅन, ३० असतील तर इव्हेको, ८ असतील तर जुनी व्होल्वो. रेनो ट्रकांतही १२ पिनांचं आहे, त्यामुळे नुसतं ‘बारा पिना’ असं सांगून केबल मागवू नका, सॉकेटचा फोटो पाठवा.

सोळा घरांचं सॉकेट आहे. म्हणजे ओबीडी-२ च ना?

नाही. या एका समजुतीपायी जितके स्कॅनर ‘बिघडलेले’ म्हणून परत गेले असतील तितके खरोखर बिघडून गेले नसतील.

जनरल मोटर्सच्या १९९४-९५ च्या काही गाड्यांना १६ घरांचं सॉकेट आहे, पण आत जुनीच भाषा आहे. तिचा डेटा ९ नंबरच्या पिनेवर येतो आणि साधा ओबीडी-२ स्कॅनर त्या पिनेकडे बघतच नाही. स्कॅनिया, डाफ आणि नंतरच्या व्होल्वो ट्रकांतही १६ घरांचं सॉकेट असतं. तिथे आकार तोच, पण संवाद उत्पादकाचा स्वतःचा.

म्हणून पिना वाचा. सॉकेटकडे समोरून पाहा, रुंद बाजू वर ठेवा. वरची ओळ डावीकडून १ ते ८, खालची ९ ते १६. खऱ्या ओबीडी-२ मध्ये ४ (चासी अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी), ५ (सिग्नल अर्थ) आणि १६ (बॅटरी) या घरांत धातू असतोच. उरलेल्यांवरून भाषा ओळखता येते :

२ भरलेली आणि १० रिकामी असेल तर जनरल मोटर्सची जे१८५० व्हीपीडब्ल्यू. २ आणि १० दोन्ही भरलेल्या असतील तर फोर्डची जे१८५० पीडब्ल्यूएम. ७ भरलेली असेल, सोबत कधी १५, तर आयएसओ ९१४१ किंवा केडब्ल्यूपी २०००. क्रायस्लर, आशियाई आणि युरोपीय गाड्यांत ही जास्त. ६ आणि १४ भरलेल्या असतील तर कॅन.

सगळीच घरं भरलेली दिसली तर उत्पादकाने आपल्या इतर कंट्रोलरांसाठीही हेच सॉकेट वापरलेलं असतं. तेव्हा पिनांवरून निष्कर्ष काढता येत नाही, वायरिंगचा नकाशाच लागतो.

एक खबरदारी. सॉकेटच्या मागून, म्हणजे वायरीच्या बाजूने पाहिलं की हे सगळे क्रमांक आरशातल्यासारखे उलटतात. ४ शोधताना हात ५ वर जातो आणि १६ च्या जागी ९. प्रत्येक वेळी प्लॅस्टिकवर कोरलेला आकडा वाचा. तो बारीक असतो, पण असतो.

गोल सहा आणि नऊ पिनांत कोणती पिन कशाची?

सहा पिनांत : ए म्हणजे जे१७०८ प्लस, बी म्हणजे जे१७०८ मायनस, सी म्हणजे बॅटरी प्लस, ई म्हणजे अर्थ. डी आणि एफ बहुतेक वेळा रिकाम्या किंवा उत्पादकाच्या उपयोगाच्या.

नऊ पिनांत : ए अर्थ, बी बॅटरी प्लस, सी कॅन हाय, डी कॅन लो, ई कॅनचं शील्ड, एफ जे१७०८ प्लस, जी जे१७०८ मायनस. एच आणि जे उत्पादकावर सोडलेल्या. तिथे कधी दुसरी कॅन जोडी असते. आय हे अक्षर गाळलेलं आहे.

दोन्ही सॉकेटांत ए आणि बी वर काय आहे ते पुन्हा वाचा. सहा पिनांत तिथे डेटा आहे, नऊ पिनांत बॅटरी. घरी बनवलेल्या केबलमध्ये ही अदलाबदल झाली की डेटाच्या तारांवर बॅटरीचा पूर्ण दाब जातो.

नऊ पिनांचं सॉकेट हिरवं आहे. काळं आणि हिरवं यात फरक काय?

वेगाचा. काळ्यावर कॅन सेकंदाला २५० किलोबिटने चालते, हिरव्यावर ५०० ने. हिरवी केबल दोन्हींत बसते, काळी केबल हिरव्यात बसत नाही, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. चुकीच्या वेगाचं उपकरण बसवर (सगळे कंट्रोलर ज्यावर बोलतात त्या तारजोडीवर) आलं की ते प्रत्येक संदेशाला चूक ठरवून मध्येच तोडतं, आणि मग डॅशवरचे काटे पडतात, दिवे लागतात. खाच तासून काळी केबल हिरव्यात कोंबणारे लोक आहेत. ते करू नका.

जुन्या ट्रकवर हिरवं दिसलं तर डॅशचं हार्नेस नंतर बदललं आहे का ते तपासा.

२४ व्होल्टच्या ट्रकला मोटारीचा स्कॅनर लावला तर?

स्कॅनरच्या मागचं लेबल वाचा. ८ ते ३२ व्होल्ट किंवा तत्सम लिहिलेलं असेल तर ठीक. ९ ते १६ लिहिलेलं असेल तर लावू नका. चालू इंजिनावर २४ ची बॅटरी २८ च्या आसपास असते, आणि स्वस्त स्कॅनरचा रेग्युलेटर तो फरक उष्णतेत जिरवताना जळतो. जळताना कधी डेटाची तार बॅटरीशी जोडून जातो. मग नुकसान स्कॅनरपुरतं राहत नाही.

१६ घरांच्या सॉकेटात ओळखीची एक खूण आहे. दोन ओळींमधली खाच सलग असेल तर ते १२ व्होल्टचं (टाइप ए). मध्ये तुटलेली असेल तर २४ व्होल्टचं (टाइप बी). १२ चा प्लग २४ च्या सॉकेटात जाऊ नये म्हणून ती खाच अडवलेली आहे. प्लग शेवटचे काही मिलिमीटर जात नाही म्हणून जोर लावण्याआधी ही खाच बघा.

मल्टिमीटरने तपासायचं कसं? स्कॅनर लावण्याआधी खात्री हवी आहे.

पाच मिनिटांचं काम आहे. आणि ते करायलाच हवं, कारण जुन्या ट्रकच्या सॉकेटमागे आधी कोणी काय जोडलं असेल ते सांगता येत नाही.

आधी बॅटरीचा मुख्य आयसोलेटर स्विच चालू आहे का बघा. मग मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा चासीच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला. लाल प्रोबने बॅटरीची पिन तपासा : चावी बंद असतानाही १२.४ ते १२.७ (किंवा त्याच्या दुप्पट) दिसायला हवेत. काही जुन्या गाड्यांत ही पिन चावीवर असते, म्हणून चावी चालू करूनही पाहा.

आता लाल प्रोब बॅटरीच्या पिनेवर ठेवून काळी सॉकेटच्या अर्थ पिनेवर आणा. वाचन तेवढंच राहिलं तर अर्थ जिवंत आहे. इथे एक मेख आहे : मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरचा एकच धागा शाबूत असला तरी पूर्ण व्होल्ट दाखवतो. म्हणून त्याच दोन पिनांवर २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब (१२ व्होल्टच्या गाडीला १२ चा, २४ च्या गाडीला २४ चा) लावा आणि तो पेटलेला असताना पुन्हा मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडलं तर वायर, फ्यूजचा पाय किंवा अर्थचा बोल्ट गंजलेला आहे.

मग डेटाच्या पिना, चावी चालू ठेवून. कॅन असेल तर हाय वर सुमारे २.६ आणि लो वर सुमारे २.४ दिसतात, हाय नेहमी थोडा वर. के-लाइन (पिन ७) मोकळी असताना बॅटरीच्या जवळपास असते. जे१७०८ वर आकडा ० ते ५ च्या मध्ये असतो आणि संदेश चालू असताना हलत राहतो. यातल्या कुठल्याही डेटा तारेवर अडकून बसलेलं शून्य दिसलं तर अर्थशी शॉर्ट किंवा मेलेली बस समजा. जे१७०८ किंवा कॅनवर १२ दिसले तर कोणीतरी बॅटरी जोडली आहे, स्कॅनर लावू नका.

कॅनसाठी शेवटची पायरी : बॅटरी सोडवा, काही मिनिटं थांबा आणि हाय-लो मधला रेझिस्टन्स मोजा. ६० ओहमच्या आसपास हवा, कारण बसच्या दोन टोकांना १२० चे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर एक टोक तुटलेलं आहे. ४० आला तर कोणीतरी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे, बहुतेक वेळा नंतर बसवलेल्या उपकरणाबरोबर आलेला.

प्रोब लावतानाची काळजी सॉकेटप्रमाणे बदलते. गोल सहा-नऊच्या गाडीकडच्या सॉकेटात उभ्या पिना असतात. प्रोब घसरली तर बॅटरी आणि शेजारची पिन एकत्र येतात, म्हणून प्रोबच्या टोकाखेरीज सगळीकडे टेप गुंडाळा. १६ घरांच्या सॉकेटात उलट, भोकं असतात. त्यात मीटरची जाड प्रोब खुपसली की आतली पट्टी फाकते आणि नंतर स्कॅनर हलवला की संपर्क तुटतो. मागून वायरच्या बाजूने पातळ बॅक-प्रोब घाला.

स्कॅनर पेटतच नाही.

फ्यूज. बऱ्याच गाड्यांत पोर्टची बॅटरी सिगारेट लायटरच्याच फ्यूजवर असते, आणि लायटरमध्ये कोणीतरी नाणं किंवा चार्जर अडकवून तो उडवलेला असतो. फ्यूज डोळ्यांनी नको, मीटरने दोन्ही बाजूंनी तपासा.

फ्यूज ठीक असेल तर अर्थ. तोही ठीक असेल तर पिन आत सरकलेली आहे : टॉर्च टाकून सगळ्या पिना एका पातळीत आहेत का बघा. मागे गेलेली पिन म्हणजे तिचं कुलूप तुटलेलं.

स्कॅनर पेटतो, पण ‘संपर्क नाही’ म्हणतो.

पेटला म्हणजे बॅटरी आणि अर्थ मिळाले, एवढंच सिद्ध होतं. पुढे तीन शक्यता, आणि त्या याच क्रमाने तपासाव्यात.

पहिली, भाषा जुळत नाही. भरलेल्या पिना आणि स्कॅनरच्या यादीतल्या भाषा ताडून पाहा. ओबीडी-२ चा मोटारीचा स्कॅनर जे१७०८ बोलत नाही, आणि बहुतेक वेळा जे१९३९ सुद्धा नाही.

दुसरी, ईसीयूला वीज नाही. चावी चालू केल्यावर इंजिनाचा दिवा एकदाही लागत नसेल तर दोष पोर्टमध्ये नाही. ईसीयूचा रिले, फ्यूज आणि इंजिन ब्लॉककडचा अर्थ पाहा.

तिसरी, बस कोणीतरी दाबून धरली आहे. एक खराब मॉड्यूल (कंट्रोलर) अख्खी तारजोडी शांत करू शकतं. ज्यांचे प्लग सहज निघतात ती मॉड्यूलं एकेक काढत जा आणि प्रत्येक वेळी पुन्हा जोडून पाहा. प्रत्येक काढणीआधी चावी बंद.

स्टार्टर मारतानाच संपर्क तुटत असेल तर वेगळं काही शोधू नका. बॅटरी पडते आहे.

सहा पिनांवरून नऊ पिनांची किंवा सोळाची अडॅप्टर केबल मिळते. ती घेतली की झालं का?

केबल फक्त तारा एका आकारातून दुसऱ्या आकारात नेते, भाषांतर करत नाही. सहा ते नऊ पिनांची केबल ट्रकच्या उपकरणाला उपयोगी पडते, कारण ते उपकरण जे१७०८ आणि जे१९३९ दोन्ही बोलतं. तीच केबल पुढे १६ घरांच्या प्लगला जोडून मोटारीचा स्कॅनर लावला तर तो पेटेल आणि गप्प बसेल. अवजड ट्रकसाठी लॅपटॉपबरोबर वापरायचा इंटरफेस आरपी१२१० मानकाचा असावा, म्हणजे इंजिन उत्पादकांची सॉफ्टवेअरं त्याला ओळखतात.

स्कॅनरशिवाय कोड वाचता येतात का?

जुन्या बऱ्याच गाड्यांत येतात, आणि योग्य सॉकेट सापडल्याची ती उत्तम खूण असते. इंजिन बंद, चावी चालू, आणि मग :

जनरल मोटर्सचं १२ घरांचं : ए आणि बी जोडा. इंजिनाचा दिवा आधी १२ दाखवतो, म्हणजे एक लुकलुक, थोडा थांब, मग दोन, असं तीनदा. त्यानंतर साठवलेला प्रत्येक कोड तीन-तीनदा, आणि शेवटी पुन्हा १२. इंजिन फिरत नसताना १२ येणं हा दोष नाही, यंत्रणा जिवंत असल्याचा पुरावा आहे.

डीडेकचं १२ घरांचं : इथे ए आणि एम. ए-बी नाही. कोड २५ आला तर नोंद काही नाही. लाल दिव्यावर चालू दोष, पिवळ्यावर जुने.

फोर्ड ईईसी-४ : ती एकटी सेल्फ-टेस्ट वायर मोठ्या सॉकेटातल्या सिग्नल रिटर्नच्या (सिग्नल अर्थच्या) पिनेला जोडून मग चावी चालू करा. ११ किंवा, तीन आकडी पद्धतीत, १११ म्हणजे सगळं ठीक.

क्रायस्लर : जोडायचं काही नाही. पाच सेकंदांत चावी चालू-बंद-चालू-बंद-चालू. ५५ आला की कोड संपले.

टोयोटा : टीई१ आणि ई१ जोडा. दिवा एकसारखा भरभर लुकलुकला तर कोड नाहीत.

जोडताना पेपर क्लिप वापरली जाते; वापरा, पण आधी दोन्ही घरं मीटरने तपासा. यातलं एक जरी बॅटरीचं निघालं तर क्लिप तापून लाल होते, आणि ती बोटांतच असते.

कोणत्या सॉकेटाला हातच लावू नये?

पिवळ्या सॉकेटाला किंवा पिवळ्या आवरणाच्या वायरींना. ती एअरबॅगची असतात. तिथे ओहममीटर किंवा जोडतार लावली तर बॅग फुटू शकते. मागच्या बम्परजवळचं ७ पिनांचं गोल सॉकेट ट्रेलरच्या दिव्यांचं किंवा एबीएसचं असतं, डायग्नोस्टिकचं नव्हे.

इंजिनाचे कोड दिसतात, एबीएसचे नाहीत. पोर्ट चुकला का?

पोर्ट बरोबर आहे. एबीएस वेगळ्या तारेवर आहे, किंवा तुमचा स्कॅनर फक्त इंजिनाला विचारतो. जे१५८७ मध्ये प्रत्येक कंट्रोलरचा स्वतःचा एमआयडी क्रमांक असतो : १२८ इंजिन, १३० गिअरबॉक्स, १३६ ब्रेक. उपकरणाच्या यादीत १३६ आला नसेल तर एबीएसचा फ्यूज आणि त्याची जे१७०८ जोडणी तपासा.

‘१२८, १००, ४’ असा कोड आला. हे कसं वाचायचं?

पहिला आकडा कोण बोलतं ते सांगतो (इंजिन), दुसरा कशाबद्दल (१०० म्हणजे ऑइल प्रेशर), तिसरा काय झालं. तिसऱ्याला एफएमआय म्हणतात : ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा तार तुटलेली, ६ म्हणजे करंट जास्त किंवा अर्थशी शॉर्ट, २ म्हणजे वाचन विश्वासार्ह नाही. वरचा कोड ऑइल कमी झालंय असं म्हणत नाही; ऑइल प्रेशर सेन्सरच्या तारेवर व्होल्टेज नको इतकं खाली आहे, असं म्हणतो. सेन्सरचा प्लग काढून कोड ४ चा ३ झाला तर वायर ठीक, सेन्सर गेला, असा अंदाज बहुतेक सर्किटांत बांधता येतो. (आणि तरीही एकदा मेकॅनिकल गेज लावून प्रेशर बघा. इंजिन महाग असतं.) जे१९३९ मध्ये दुसऱ्या आकड्याला एसपीएन म्हणतात, पण १०० तिथेही ऑइल प्रेशरच आहे आणि ११० दोन्हीकडे कूलंटचं तापमान.

पोर्टच्या मागे ट्रॅकर जोडलेला आहे. काढू का?

निदान करताना हो, तात्पुरता. वायर सोलून त्यावर गुंडाळलेली जोडणी असेल तर ती जागा आधी बघा. हिरवा गंज तिथूनच सुरू होतो आणि तारेच्या आत दोन्ही बाजूंना चढत जातो.

सॉकेट तुटलं आहे. नवं बसवताना काय सांभाळायचं?

एका वेळी एकच वायर हलवा. सगळ्या कापून मग जुळवत बसलात तर आरशाचा गोंधळ नक्की होतो. नऊ पिनांच्या गोल सॉकेटातल्या (डॉइच बनावटीच्या) पिना १६ साइजच्या असतात. त्यांचं निळं काढणीचं हत्यार मागून, वायरीवरूनच आत सरकवायचं, खट् आवाज आला की वायर ओढायची. समोरून स्क्रू-ड्रायव्हरने ढकलू नका, पिना धरून ठेवणारी बोटं मोडतात.

कॅन आणि जे१७०८ च्या जोड्या पिळलेल्या असतात, इंचाला साधारण एक पीळ. तो पीळ सॉकेटच्या अगदी जवळपर्यंत ठेवा. लांब, सरळ, मोकळ्या तारा सोडल्या तर उभ्या गाडीवर सगळं चालेल आणि अल्टरनेटर चालू झाला की संपर्क तुटत राहील. जोड क्रिंप करून वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. शेवटी टोपण विसरू नका. पावसात धुतलेल्या पायदाणीचं पाणी थेट या सॉकेटात उतरतं.